पायरीचा पोत

जर्मनीतल्या रेमशाइडच्या गिसबेर्ट हाल्बाखला एक खोड होती. कुठेही गेला तरी तिथलं प्लास्टिक तो चाचपून बघायचा. बसमधली पुढच्या सीटची पाठ, बँकेतल्या काउंटरची कड, दुसऱ्याच्या गाडीचा डॅशबोर्ड. तोंडाने गप्पा चालू असायच्या आणि उजव्या हाताची दोन बोटं आपली हळूहळू फिरत राहायची. अनोळखी माणसांना ते चमत्कारिक वाटायचं. ओळखीचे त्याच्याकडे बघतही नसत.

ही खोड त्याच्या धंद्यातून आलेली. प्लास्टिकच्या वस्तूंवर जो बारीक पोत असतो, कधी चामड्यासारखा, कधी वाळूसारखा, तो त्या वस्तूवर कोणी काढत बसत नाही. आधी तो पोलादी साच्यात उमटवावा लागतो, आणि ते काम ॲसिड करतं. साच्याच्या पोटाला मेणाच्या नक्षीचा पातळ थर चिकटवायचा. जिथे मेण आहे तिथे पोलाद वाचतं, जिथे नाही तिथे ॲसिड ते खातं. मग त्या साच्यातून जितक्या वस्तू निघतील त्या सगळ्या तोच पोत अंगावर घेऊन निघतात. गिसबेर्ट शाळा सुटल्या सुटल्या या कामाला लागला आणि पेन्शनीत निघेपर्यंत त्याने दुसरं काही केलं नाही.

त्यातही त्याचं खास काम सांधे लपवण्याचं. मेणाचा कागद सपाट आणि साचा वाकडातिकडा, त्यामुळे कोपऱ्यात दोन कडा भेटल्या की नक्षी तुटायची. तिथे डोळ्याला भिंग लावून, चार केसांच्या कुंचल्याने, एकेक छिद्र आणि एकेक सुरकुती हाताने काढायची. इतकी बेमालूम, की इथे सांधा होता असं कोणाच्या मनातही येऊ नये. ज्याच्या कामाची खूणच राहत नाही अशा कामात गिसबेर्टने जन्म घालवला, आणि त्याबद्दल त्याला वाईट वगैरे वाटत नसे. उलट गंमत वाटायची.

त्याची आणि त्याच्या बायकोची, आनेग्रेटची, गाठ पडली ती दातामुळे. ती डेंटिस्टकडे मदतनीस होती आणि हा दाढ धरून खुर्चीत बसला होता. डॉक्टर दाढ काढत असताना पेशंट खुर्चीचे हात घट्ट धरतात, हा मात्र खुर्चीचा हात कुरवाळत होता. तिने विचारलं तेव्हा अर्धं तोंड बधिर असताना त्याने सांगितलं, की पोत चांगला आहे, पण खाली कोपऱ्यात कोणीतरी घाई केली आहे. तिने वाकून पाहिलं. तिला काही दिसलं नाही. पण वाकून पाहणारी ती पहिलीच, असं गिसबेर्ट नंतर सांगायचा.

दोघंही पेन्शनीत निघून घरी बसल्यावर त्यांनी एक जुनी कॅम्पर व्हॅन घेतली. आत दोघांपुरता बिछाना, दोन शेगड्यांची चूल, बाजूला सरकता दरवाजा, आणि दरवाज्याखाली आत चढायला काळ्या प्लास्टिकची रुंद पायरी. गाडी एका बेकरीवाल्या जोडप्याची होती. पहिला मोठा प्रवास उत्तरेच्या समुद्राकडे करायचा असं ठरलं आणि मे महिन्यात दोघं लुटेसीलला येऊन थांबली.

लुटेसीलचा कॅम्पर गाड्यांचा तळ समुद्राच्या बांधाच्या आतल्या अंगाला आहे. बांधावर मेंढ्या, बांधापलीकडे ओहोटीला मैलभर उघडा पडणारा राखाडी चिखल. तिथे आलेला माणूस त्या चिखलात अनवाणी चालून आल्याशिवाय राहत नाही, आणि येताना थोडा चिखल घेऊन येतो. ओला असतो तोवर तो लोण्यासारखा. वाळला की पिठासारखा पांढुरका होतो आणि बसेल तिथे बसतो.

तो बसला पायरीवर. आनेग्रेटने आधी फडक्याने पुसलं. वरवर गेला आणि पायरी आणखीच वाईट दिसायला लागली, कारण आता चिखल फक्त खाचांमध्ये उरला होता. मग तिने भांडी घासायचा ब्रश घेतला. मग नखांचा. शेवटी ती आपल्या दातांच्या पिशवीतून फटींमध्ये घालायचा तो इवलासा ब्रश घेऊन पायरीपुढे गुडघ्यांवर बसली. उभा जन्म तिने लोकांच्या दातांच्या फटी साफ केल्या होत्या, घाणीशी कसं वागायचं हे तिला कोणी शिकवायला नको होतं. गिसबेर्ट बाजूला घडीच्या खुर्चीत पेपर वाचत होता.

"हा पोत ज्याने केला ना," ती मान वर न करता म्हणाली, "त्याने आयुष्यात कधी फडकं हातात धरलेलं नाही. पायरीला कशाला हव्यात इतक्या खाचा? आणि खाली गोल नाहीत, टोकदार आहेत. मुद्दाम घाण साठवायला केल्यासारख्या."

"पाय घसरू नये म्हणून असतात त्या," गिसबेर्ट म्हणाला.

"पाय घसरू नये म्हणून दोन आडव्या पट्ट्या पुरतात."

तो उठला आणि सवयीने त्याने पायरीवर बोटं फिरवली. इतके दिवस त्या पायरीवरून तो रोज चढत-उतरत होता, पण बुटांना बोटं नसतात. मधोमध पोत गुळगुळीत झाला होता, कडेला शाबूत होता. बोटं कडेने सरकत आतल्या कोपऱ्यात गेली आणि थांबली. त्याने खिशातून चष्मा काढला, मग तोंड पायरीच्या इतकं जवळ नेलं की आनेग्रेटला बाजूला व्हावं लागलं. कोपऱ्यातल्या छिद्रांची ओळ किंचित डावीकडे कलत होती. त्याचा हात नेहमी किंचित डावीकडे कलायचा. काम शिकवणारे उस्ताद त्यावरून त्याला बोलायचे, आणि कलणं पुरतं कधी गेलं नाही. हा सांधा त्याने स्वतः लपवलेला होता.

त्याने ती ओळ बोटाने पुन्हा एकदा चाचपली. मग म्हणाला, "आनेग्रेट, हा माझा आहे."

"काय तुझं आहे?"

"पोत. ही पायरी. मोठा साचा होता, दोन तुकड्यांचा. हिवाळ्यात आला होता. मला वाटलं होतं, कुठल्यातरी ट्रकसाठी असेल."

आनेग्रेटने हातातल्या ब्रशकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि मग ती गवतात बसली आणि इतकी हसली की शेजारच्या गाडीतले रुप्पेल बाहेर डोकावले. इतकी वर्षं याच्या शर्टांवरचे ॲसिडचे डाग मी धुतले, ती म्हणाली, आता याची पायरीही मीच धुतेय. तिने तो इवलासा ब्रश त्याच्या हातात दिला आणि त्याच्याच खुर्चीत बसून पेपर उघडला.

खरी गोष्ट इथून सुरू होते, कारण गिसबेर्टच्या डोक्यात किडा शिरला. कारखान्यात असताना साचा गेला की संपलं. पहिली वस्तू निघाली की ती दिव्याखाली धरायची, मान हलवायची, पुढचं काम घ्यायचं. त्या वस्तूचं पुढे काय होतं, तिच्यावर कोण हात ठेवतं, कोण पाय ठेवतं, काय सांडतं, हे त्याने एकदाही पाहिलेलं नव्हतं आणि पाहावंसंही वाटलं नव्हतं. आता त्याला एवढंच दिसायला लागलं. स्वतःच्या पायरीवर त्याला कळलं की आधीचे मालक डावा पाय आधी टाकत असावेत, कारण डाव्या बाजूचा पोत जास्त झिजला होता. उन्हाने बाहेरची कड फिकी पडली होती. एका ठिकाणी काहीतरी गरम ठेवल्याचा गोल डाग होता, तिथे छिद्रं वितळून मिटली होती.

मग तो तळावर फिरायला लागला. दरवाजा उघडा असलेली व्हॅन दिसली की नमस्कार करायचा, हवेबद्दल दोन शब्द बोलायचा आणि विचारायचा, की तुमची पायरी जरा बघू का. लोक बघू देत. मात्र हा गृहस्थ बघू म्हणतो म्हणजे गुडघे टेकून, नाक लावून बघतो, हे त्यांना आधी ठाऊक नसायचं. कासेलहून आलेल्या रुप्पेलनी त्याला विचारलं की तुम्ही विमा कंपनीकडून आलात का. नाही म्हटल्यावर, मग काय डॉक्टर आहात? दोन दिवसांत रुप्पेल त्याला "पायरीतज्ज्ञ" म्हणायला लागले, आणि ते नाव तळभर झालं. सकाळी पाव आणायच्या रांगेत कोणीतरी हटकून विचारायचं, काय हो पायरीतज्ज्ञ, आमची कधी तपासणार?

यात मजेची गोष्ट अशी, की पायरी स्वच्छ कशी ठेवायची हे लोक आता गिसबेर्टला विचारू लागले आणि गिसबेर्टला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याला पोत करता येत होता, धुता येत नव्हता. हे त्याने एकदोघांना प्रामाणिकपणे सांगितलं, पण तज्ज्ञ म्हणून नाव पडल्यावर ते कोणी मनावर घेत नाही.

तळाच्या टोकाला, पाण्याच्या नळापाशी, एक हिरवी व्हॅन उभी होती. हाल्बाखांच्याच गाडीची बहीण, पण वयाने मोठी. पत्र्याला गंज, आरशाला चिकटपट्टी. आणि पायरी? गिसबेर्टने ती पाहिली आणि तो जागीच उभा राहिला. कोरी होती. काळीभोर, एकेक छिद्र उठून दिसणारं, जणू आत्ताच साच्यातून काढली. आणि त्या गाडीचे मालक काही बूट काढून चढणाऱ्यांतले नव्हते, पायरीवर मेंढीच्या लेंडीचा एक ताजा ठसा होता.

मालकीण विब्के त्यार्क्स नावाची बाई होती. तिथलीच, जवळच्या गावची, उंच, सावकाश. गिसबेर्टने आदराने विचारलं, "फ्राउ त्यार्क्स, तुम्ही पायरी कशाने धुता?"

"पाण्याने," बाई म्हणाल्या.

"नुसत्या?"

"लेंडी असली तर थोडा साबण."

"आणि वरून काही लावता?"

"नाही."

गिसबेर्ट वाट बघत उभा राहिला, की बाई आणखी काही बोलतील. त्या बोलल्या नाहीत, बादली उचलून नळावर गेल्या. गिसबेर्ट परत आला तो कुरकुरतच. त्याने आनेग्रेटला सांगितलं की बाई पक्की आहे, काहीतरी लावते आणि सांगत नाही. आनेग्रेट म्हणाली, की तिला मुद्दाम लपवायचं असतं तर ती इतकं थोडक्यात बोलली नसती, खोटं बोलणारे पेशंट फार बोलतात. पण गिसबेर्टच्या डोळ्यांपुढून ती काळीभोर पायरी हलेना.

त्याने प्रयोग मांडले. पायरीचे मनाने चार भाग पाडले आणि प्रत्येकावर वेगळा इलाज केला. पांढऱ्या स्पंजाने, जो रबरासारखा डाग खोडतो, घाण गेली, पण त्याबरोबर पोताची टोकंही गेली. ते बोटांना लगेच कळलं आणि त्याने स्पंज कचऱ्यात टाकला. खाण्याच्या सोड्याने पांढऱ्या चिखलात पांढरी भर पडली. साबणाचं कोमट पाणी आणि नखांचा ब्रश यांनी सगळ्यात बरं काम केलं, आनेग्रेटने पहिल्याच दिवशी केलं होतं तेच. पण वाळल्यावर पायरी राखाडीच दिसायची. स्वच्छ आणि राखाडी. त्यार्क्सबाईंची काळी होती.

तेव्हा तो सायकलवरून गावात गेला आणि गाड्यांच्या सामानाच्या दुकानातून एक फवारा घेऊन आला. डब्यावर चकचकीत डॅशबोर्डचं चित्र होतं आणि टायरचं होतं. घरात लेबलं वाचायचं काम आनेग्रेटचं, आणि ती बांधावर फिरायला गेली होती. त्याने पायरीवर फवारा मारला आणि फडक्याने नीट चोळला. बघता बघता राखाडीपणा गेला. पोत जिवंत झाला. इतका सुंदर, की तो खुर्ची समोर ओढून नुसता बघत बसला. रुप्पेल आले, त्यांनी शिट्टी वाजवली आणि फवारा मागून नेला.

आनेग्रेटने परत आल्यावर तारीफ केली. तीही खरोखरची. रुप्पेलच्या बायकोला पायरी टाळून, पाय लांब टाकत उतरताना पाहून ती म्हणाली, की आता लोक पायरी मळेल म्हणून तिच्यावर पाय ठेवायचे बंद होणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुरभुर पाऊस होता. गिसबेर्ट गाडीला लावलेल्या कापडी छताखाली कॉफीचे कप मांडत होता आणि आनेग्रेट आतून बटाट्याच्या सालांची वाटी घेऊन खाली उतरत होती. पायात लाकडी तळाच्या चपला. त्याने तिला पडताना पाहिलं नाही, नुसता धप्प आवाज ऐकला. वळून पाहिलं तर ती पायरीला पाठ लावून गवतात बसली होती, सालं मांडीवर, आणि डावा हात उजव्या हाताने धरलेला.

"मोडलाय," ती म्हणाली, अगदी शांतपणे, दवाखान्यात डॉक्टरांना सांगावं तसं. "आवाज आला मला."

गिसबेर्ट तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसला. तिने मान वळवून पायरीकडे पाहिलं, उजव्या हाताचं बोट पायरीवरून ओढलं आणि ते बोट अंगठ्याशी घासून पाहिलं.

"काय लावलंस तू हिला, गिसबेर्ट?"

तेव्हा त्याला दुसरी गोष्ट आठवली आणि तो आनेग्रेटला तशीच सोडून रुप्पेलच्या गाडीकडे धावला. रुप्पेलची बायको दारात होती, एका हातात टॉवेल, एक पाय उचललेला. तो इतक्या जोरात ओरडला की ती आत मागे सरली. फवारा मारलाय का, त्याने विचारलं. रुप्पेल म्हणाले, कालच, छान दिसतेय ना. गिसबेर्टने अंगातला स्वेटर काढला आणि त्यांच्या पायरीवर पसरला. यावरून उतरा, म्हणाला, आणि साबणाने धुवून काढा, आत्ताच्या आत्ता. मग तो परत पळाला. आनेग्रेट होती तिथेच होती. सालं तिने एका हाताने वाटीत भरून ठेवली होती.

त्यांची व्हॅन छताच्या कापडाला, खुंट्यांना बांधलेली, आणि गिसबेर्ट घाईघाईने दोऱ्या सोडवायला लागला. आवाज ऐकून त्यार्क्सबाई आल्या. त्यांनी फार काही विचारलं नाही, हिरवी व्हॅन आणून उभी केली आणि आनेग्रेटला पुढे बसवलं. गिसबेर्टला मागे, सरकत्या दरवाज्यातून चढायचं होतं. तो पायरीपाशी थबकला. बुटांना चिखल लागलेला होता.

"चढा," बाई म्हणाल्या. "पाय ठेवायलाच आहे ती."

तो चढला. पाय घट्ट बसला, जराही सरकला नाही.

हॉस्पिटल तालुक्याच्या गावात होतं. आनेग्रेटला आत नेलं आणि हे दोघं बाहेरच्या खोलीत बाकावर यंत्रातली कॉफी घेऊन बसले. गिसबेर्ट मान खाली घालून बोलू लागला. ॲसिडचं, मेणाचं, सांध्यांचं, सगळं सांगितलं. तो पोत पाय घसरू नये एवढ्यासाठी केलेला होता, आणि मी, म्हणाला, मीच तो भरून टाकला. प्रत्येक खाचेत तेल घातलं. का, तर काळी दिसावी म्हणून. तुमच्यासारखी.

त्यार्क्सबाईंनी कॉफी संपवली. कप नीट चेपून सपाट केला.

"माझी नवीन आहे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पायरी. दोन-तीन वर्षांनी मी नवीन घालते. खटके आहेत खाली, ओढली की निघते. तुम्ही मला विचारलंत, कशाने धुता. मी सांगितलं, पाण्याने."

गिसबेर्ट त्यांच्याकडे बघत राहिला. त्यार्क्सबाई पेन्शनीत जाईपर्यंत एका गॅरेजात सुट्या भागांच्या खिडकीवर बसत. लोक येत, नेमकं एक मागत, आणि त्या नेमकं तेवढं देत. न विचारलेलं सांगायची सवय त्यांना लागलीच नव्हती.

"पायरी निघते?" गिसबेर्टने विचारलं. साचा त्याने पोटातून पाहिला होता, इंचन् इंच. त्यातून निघणारी वस्तू गाडीला कशी बसते हे त्याने कधी कोणाला विचारलं नव्हतं.

"निघते."

"मग जुन्याचं काय करता?"

"खुराड्यात लावल्यात. कोंबड्यांना चढायला." बाईंनी चेपलेला कप कचऱ्यात टाकला. "एकही घसरलेली नाही."

गिसबेर्टला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. त्याने नाक शिंकरलं. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या, त्यात कसलाही अवघडलेपणा नव्हता, फक्त माणसाला नाक शिंकरायला जागा दिली होती.

आनेग्रेट हाताला प्लास्टर घालून बाहेर आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, की आधी मला काहीतरी खायला घाला. मग रागवायचं की नाही ते बघू. ती रागावली, पण दुसऱ्या दिवशी, आणि तेही लेबल न वाचण्यावरून. पायरीवरून नाही.

हॉस्पिटलातून परतल्यावर त्याच दुपारी त्यार्क्सबाईंनी दोघांना चहाला बोलावलं. तिकडे चहा म्हणजे साधं काम नाही. कपात आधी खडीसाखरेचा खडा, मग त्यावर गरम चहा, खडा तडकतो तो आवाज ऐकायचा, वरून कडेने साय सोडायची आणि ढवळायचं नाही. तीन कप झाल्याशिवाय उठायचं नाही. तिसऱ्या कपानंतर बाईंनी बिछान्याखालून एक खोका ओढला. त्यात आणखी एक कोरी पायरी होती, पुढच्या वेळेसाठी घेऊन ठेवलेली. घेऊन जा, म्हणाल्या, तुमच्या उपयोगी पडेल.

गिसबेर्टने ती मांडीवर घेतली. म्हणजे साचा अजून चालू होता. कुठेतरी यंत्र उघडत-मिटत होतं आणि त्याचं जुनं हिवाळ्यातलं काम अजून बाहेर पडत होतं. त्याने चष्मा लावला, बोटं कडेने आतल्या कोपऱ्यात नेली, आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. छिद्रं कलत नव्हती. सरळ होती. त्याने खिडकीशी नेऊन पाहिलं, तिरकी धरून पाहिलं. साचा मधे कधीतरी झिजला असणार आणि कोणीतरी तो पुन्हा नव्याने ॲसिडला घातला असणार. कोपरा दुसऱ्या कोणाच्या हातचा होता. आणि चांगला होता. जिथे गिसबेर्टने छिद्रं दाटीने भरून सांधा झाकला होता, तिथे या माणसाने एकच लांब सुरकुती कोपऱ्यातून ओढून पलीकडे नेली होती, आणि डोळा तिच्यामागून आपोआप निघून जात होता.

आनेग्रेटने विचारलं, वाईट आहे का.

"नाही," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा बरं आहे. हे मला सुचलं नव्हतं." मग थोड्या वेळाने, "बाई असेल का गं? तरुण असेल?"

आनेग्रेट म्हणाली, कारखान्यात फोन करून विचार. तो म्हणाला, कारखान्यात कोणाला आठवणार आहे. पण ती कोरी पायरी त्याने घडीच्या टेबलावर उभी करून ठेवली आणि जाता-येता तिच्या कोपऱ्याकडे बघत राहिला.

नवीन पायरी बसवायची तर जुनी काढायला हवी. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा गिसबेर्ट पायरीपुढे आडवा झाला. आनेग्रेट प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून खुर्चीत, त्यार्क्सबाई बाजूला उभ्या. रुप्पेल धुतलेला स्वेटर परत द्यायला आले होते तेही थांबले. बाई सांगत गेल्या, इथे बोट घाला, आता वर, जोर नको, आणि खटके एकेक करून सुटले. पायरी हातात आली.

खाली पत्र्याच्या खळग्यात वाळू होती. बोटभर थर. गिसबेर्टने हाताने झाडायला घेतली तर आनेग्रेट म्हणाली, थांब. ती पुढे वाकली. वाळू एका रंगाची नव्हती. वर आताचा राखाडी चिखल वाळून बसला होता. त्याखाली पिवळी रेती, तिच्यात शिंपल्यांचे कण. त्याखाली विटकरी, बारीक, हाताला डाग पाडणारी. आणि सगळ्यात तळाला, कोपऱ्यात, काळी कुळकुळीत वाळू, एकेक कण चमकणारा. मधेमधे इतर वस्तू. ऑलिव्हच्या बिया. केसांना लावायची लहान मुलीची पिन, त्यावर लाल फूल. बाटलीचं एक झाकण, त्यावरची लिपी कोणालाच वाचता येईना.

"पण ती बेकरीवाली म्हणाली होती," आनेग्रेट म्हणाली, "की दुकानामुळे त्यांना कधी लांब जाताच आलं नाही. तळ्यापर्यंत जाऊन यायचे, बस."

"मग त्यांच्या आधी कोणीतरी असेल," गिसबेर्ट म्हणाला.

"किंवा ती खोटं बोलली. पण असं कोण खोटं बोलतं? लोक उलट बोलतात, जाऊन आलो म्हणून."

रुप्पेल म्हणाले, काळी वाळू आइसलंडला असते, त्यांच्या मेव्हण्याने बाटलीत भरून आणली होती. त्यार्क्सबाई म्हणाल्या, असू शकेल. आनेग्रेटने डाव्या हाताचं विसरून पुढे व्हायला पाहिलं, कळ आली, आणि मग तिने गिसबेर्टला चमचा आणि चार बशा आणायला सांगितल्या. तो आत गेला, पायरी नव्हती म्हणून टांग उंच टाकून.

ती एका हाताने वाळू वेगळी करत बसली, एकेका रंगाची एकेका बशीत, दवाखान्यात अवजारं लावायची त्या शिस्तीने. गिसबेर्टने जुनी पायरी भांडी धुण्याच्या जागेवर नेली, टबात साबणाचं गरम पाणी केलं आणि ती बुडवली. फवाऱ्याचं तेल पाण्यावर तवंग होऊन वर आलं. तो ब्रशने घासत राहिला, पाणी बदलत राहिला, ओला अंगठा दाबून बघत राहिला, आणि अंगठा एकदाचा अडला तेव्हा उन्हात वाळत ठेवली. नवीन बसवू का, त्याने परत येऊन विचारलं. आनेग्रेट म्हणाली, जुनीच बसव, राखाडी असली तरी चालेल. खाली नारळाच्या काथ्याचं पायपुसणं टाक आणि बाहेर पाय धुवायला एक बादली ठेव, म्हणजे कोणाला गुडघ्यावर बसायला नको. नवीन घरी न्यायची, भिंतीला लावायची, तुला बघत बसायला.

तो बरं म्हणाला आणि तिच्याशेजारी गवतात बसला. तिने काळ्या वाळूची बशी त्याच्याकडे सरकवली. त्याने दोन बोटं तिच्यात घातली आणि डोळे मिटून कण चाचपले.

"धारदार आहे," तो म्हणाला. "पाण्याने फार घासलेली नाही. नवीन वाळू आहे ही."

"आइसलंडला गाडी नेता येते का हो?" आनेग्रेटने त्यार्क्सबाईंना विचारलं.

"येते," बाई म्हणाल्या. "जहाजाने."

आणि आनेग्रेट थांबून राहिली, तेव्हा बाईंनी थोडा विचार केला आणि न विचारता पुढे सांगितलं, की जहाज डेन्मार्कच्या टोकावरून सुटतं, आणि इथून ते काही फार लांब नाही.